मदत हवी आहे: कोरियन नावं दिसतात सारखी, पण जुळत नाहीत

वैतागलेला_चाकणकर
कोरियन क्लायंटने लोकांची यादी सीएसव्हीत दिली आहे. प्रत्येकाची एक पीडीएफ, फाइलला त्या माणसाचंच नाव. यादीतलं नाव घेऊन फाइल उचलायची, बस्स. पण स्क्रिप्ट म्हणते फाइलच नाही! इंग्रजी नावाच्या फायली बरोब्बर सापडतात. उद्या डेमो आहे, लवकर सांगा.

नारायणपेठी
कोरियन फॉन्ट टाका. आमच्याकडे नुसते चौकोन दिसायचे, फॉन्ट टाकला आणि गेले.

वैतागलेला_चाकणकर
अहो, चौकोन नाहीतच. दोन्हीकडे अक्षरं छान दिसतात.

बाइटखाऊ
भाषा कोणती, सिस्टिम कोणती, फायली आल्या कुठून? आम्ही काय पत्रिका मांडून सांगायचं?

वैतागलेला_चाकणकर
पायथॉन, उबुंटू. फायली झिपमधून आल्या. त्याने काय फरक पडतो?

जुनाजाणता
सीएसव्ही ईयूसी-केआर, म्हणजे जुन्या कोरियन कोडपद्धतीत असणार. लिहून घ्या.

वैतागलेला_चाकणकर
ती तशीच उघडलीय, ते तर उघडच आहे ना!

बाइटखाऊ
हे आत्ता सांगताय? बरं, झिप मॅकवर बनवली होती का?

वैतागलेला_चाकणकर
तिकडच्या मॅडम मॅकबुक वापरतात खऱ्या.

बाइटखाऊ
मग सापडलं. हांगुलचं, म्हणजे कोरियन लिपीचं, अक्षर युनिकोडमध्ये (सगळ्या लिप्यांच्या कोडयादीत) दोन तऱ्हांनी लिहिता येतं. एक, अख्खं जोडलेलं: १९ आद्य व्यंजनं, २१ स्वर, आणि शेवटी २७ व्यंजनं किंवा काहीच नाही, म्हणजे १९ × २१ × २८ = ११,१७२ अक्षरं, ४४०३२ या क्रमांकापासून ओळीने. दोन, सुटे जामो, म्हणजे सुटी व्यंजनं-स्वर, एकापुढे एक. 'किम' घ्या. शून्यावं व्यंजन क, २० व्या स्वरासह (मोजणी शून्यापासून), शेवटी १६ वा म: २० × २८ + १६ = ५७६, अधिक ४४०३२, झालं ४४६०८. यादीत हा एकच कोड आहे. फाइलच्या नावात मात्र तीन कोड. यूटीएफ-८मध्ये (युनिकोड साठवायच्या पद्धतीत) तीन बाइट विरुद्ध नऊ. मॅकच्या जुन्या एचएफएस प्लस या फाइल-व्यवस्थेत नावं सुटी करूनच ठेवली जायची, आणि मॅकवरून आलेल्या फायलींत हा प्रकार अजून भेटतो. दोन्हीकडच्या 'किम'ची लांबी छापून बघा.

वैतागलेला_चाकणकर
१ आणि ३!!

बाइटखाऊ
पायथॉनच्या युनिकोडडेटाचं नॉर्मलाइज, एनएफसी प्रकार: सुटे जामो पुन्हा जोडतो. दोन्ही बाजूंना लावा. फायलींची मूळ नावं बदलू नका, फक्त तुलनेपुरतं.

सर्वज्ञ_सांगलीकर
एनएफसी कशाला, सरळ एनएफकेसी लावा, सगळंच साफ होतं.

बाइटखाऊ
नको ते साफ होतं. रुंद आकडे साधे होतात, वर्तुळातला १ नुसता १ होतो. दोन वेगळ्या फायली एकाच नावाच्या झाल्या तर शोधत बसा.

अनुस्वार
अवांतर: आपल्याकडेही हेच दुखणं. 'दुसऱ्या' कुणी ऱ ने लिहितं, कुणी र, हलन्त आणि अदृश्य जोडकाने. दिसायला एकच, आणि ते तर एनएफसीनेही जुळत नाही. मराठी शोध म्हणूनच फसतो. यावर कुणी बोलत नाही.

के_ड्रामावेडी
कोरियन शिकायला कोणतं अ‍ॅप चांगलं आहे? सबटायटल्सशिवाय बघायचंय.

नारायणपेठी
@अनुस्वार, त्याला चांगला मराठी फॉन्ट हवा.

वैतागलेला_चाकणकर
बाइटखाऊ, दंडवत! जवळजवळ सगळ्या जुळल्या. थोडी नावं राहिलीत, यादीत त्यांच्या मधोमध प्रश्नचिन्ह आहे.

जुनाजाणता
आता माझं ऐकाल? ईयूसी-केआर ज्या १९८७ च्या मानकावर चालतं, त्यात जोडलेली अक्षरं फक्त २,३५०. उरलेली ८,८२२ मायक्रोसॉफ्टच्या सीपी९४९ या वाढीव कोडपद्धतीने भरली. नावात दुर्मिळ अक्षर आलं की एक्स्पोर्ट करतानाच त्याचं प्रश्नचिन्ह होतं. ते तुमच्याकडे परत यायचं नाही. यादी यूटीएफ-८ मध्ये नव्याने मागवा.

वैतागलेला_चाकणकर
मेल टाकली. पण आत्ता अकरा वाजलेत, सोलमध्ये रात्रीचे अडीच. सकाळच्या डेमोपर्यंत कोण पाठवणार?

सर्वज्ञ_सांगलीकर
प्रश्नचिन्हवाली नावं यादीच्या तळाशी ढकला आणि डेमोत खाली स्क्रोल करू नका.