‘डॉल्फिन-सेफ’ शिक्का असलेला टूना : बाकीच्या जिवांचे काय?

प्रश्न (वेंगुर्लेकर) : अमेरिकेत बहिणीकडे गेलो असताना टूनाच्या डब्यावर ‘डॉल्फिन-सेफ’ असा शिक्का पाहिला. कुप्यासाठी (म्हणजे टूनासाठी) टाकलेल्या जाळ्यात डॉल्फिन का सापडतात, आणि हा शिक्का असला म्हणजे चुकून सापडणारी कासवे आणि मुशीही (शार्क मासेही) वाचतात असे समजावे का? जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर (खारे वारे) : पूर्व प्रशांत महासागराच्या उष्ण पट्ट्यात पिवळ्या पराचा मोठा कुपा डॉल्फिनांच्या कळपाखालून पोहतो. त्यामुळे तेथील पर्ससीन (माशांना गोल वेढून तळाशी आवळायचे जाळे वापरणारी) जहाजे स्पीडबोटींनी डॉल्फिनांचा पाठलाग करून त्यांच्याभोवतीच जाळे टाकतात. १९८६ साली या भागात सव्वा लाखाहून अधिक डॉल्फिन मेले. पुढे हा आकडा वर्षाला हजाराच्या आसपास आला, आणि त्यामागे खलाशांचे कसब मोठे आहे. जाळे निम्मे ओढून झाले की जहाज मागे घेतात. त्या ताणाने जाळ्याची लांबट गल्ली तयार होते, तिच्या टोकाची बोयांची दोरी पाण्याखाली जाते आणि डॉल्फिन तिच्यावरून बाहेर पडतात, तर कुपा सहसा खालीच राहतो. त्या टोकाला बारीक छिद्रांचे जाळे शिवलेले असते, म्हणजे चोच किंवा पर अडकत नाहीत. तरीही एखादा मागे राहिलाच, तर खलाशी पाण्यात उतरून त्याला हातांनी दोरीपलीकडे ढकलतात. १९९९ पासून लागू असलेल्या आंतरराष्ट्रीय करारानुसार प्रत्येक मोठ्या जहाजावर निरीक्षक असतो आणि जहाजाला मृत्यूंची मर्यादा ठरवून दिलेली असते. मात्र पाठलागात दमलेल्या माद्यांची पिल्ले मागे पडतात. ती हानी या मोजणीत येत नाही, आणि मला ती फार गंभीर वाटते.

उत्तर (निळी पाठ) : आपल्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. अमेरिकी शिक्का एवढेच सांगतो की त्या खेपेत डॉल्फिनांना मुद्दाम वेढले नाही आणि त्या जाळ्यात एकही डॉल्फिन मेला किंवा गंभीर जखमी झाला नाही. डॉल्फिन सोडून जहाजे मासे जमावेत म्हणून समुद्रात सोडलेल्या तरंगत्या तराफ्यांकडे वळली, की तराफ्याखाली जमलेला लहान कुपा, रेशमी मुशी आणि कासवे एकाच वेढ्यात येतात. तराफ्याखाली लोंबणाऱ्या जुन्या जाळ्यात तर मुशी कोणाच्या नजरेस न पडता अडकून मरतात. २०१३ सालच्या एका अभ्यासाने हिंदी महासागरात अशा मृत्यूंचा अंदाज वर्षाला ४.८ ते ९.६ लाख असा मांडला होता. हिंदी महासागराच्या टूना आयोगाने २०२० पासून तराफ्यांना जाळे लावण्यास बंदी केली, हे योग्यच झाले. लक्षद्वीपमधल्या मिनिकॉय बेटावर जिवंत आमिष फेकून काठीच्या गळाने कुपा एकेक करून धरतात, तिथे नको असलेला जीव फारसा येतच नाही.

वेंगुर्लेकर : आभारी आहे. पण जाळ्यात आलेला जीव सोडताना नेमके काय करावे? पाण्यात टाकला म्हणजे तो जगतोच का?

उत्तर (तांडेलाचा नातू) : नेहमी नाही. जाळ्याच्या तळातून माशांच्या ढिगासोबत वर आलेली मुशी चेंगरलेली असते आणि अशी बहुतेक मुशी सोडल्यावरही मरते. म्हणून ती पाण्यात असतानाच वेगळी काढणे महत्त्वाचे आहे. कासव निपचित पडले असेल तर ते मेले असे समजून फेकू नये. त्याला पोटावर ठेवून मागची बाजू वीतभर उंच करावी, म्हणजे फुप्फुसातले पाणी निघते; पाठीवर ओले फडके घालून सावलीत ठेवावे आणि गरज पडल्यास २४ तासांपर्यंत वाट पाहावी. माझ्या आजोबांच्या होडीवर एकदा असे कासव दुपारपासून फळीवर होते. संध्याकाळी त्याने पुढचा पर हलवला, तेव्हा इंजिन बंद करून दोघांनी त्याला कडेवरून अलगद पाण्यात सोडले.