आजोबांची ठासणीची बंदूक आणि हरभऱ्यातील काळविटे

माळकरी_शेतकरी (प्रश्न):
नमस्कार. आमची शेती उत्तर सोलापूर तालुक्यात, नान्नजच्या माळाला लागून आहे. चार एकरांत मालदांडी ज्वारी आणि दीड एकरात हरभरा आहे. काळविटांचा एक कळप महिनाभर हरभऱ्याचे शेंडे खुडत असल्यामुळे मी आणि माझे चुलते यांनी सलग अकरा रात्री माळ्यावर जागल केली. नऊ रात्री एकही जनावर फिरकले नाही. उरलेल्या दोन वेळा कळप आला तो उजाडल्यानंतर, आम्ही चहासाठी घरी गेलो असताना.

घरात आजोबांची ठासणीची बंदूक आहे आणि पीकरक्षणासाठी तिचा परवाना त्यांच्या नावावर होता. दीड वर्षापूर्वी ते गेले. नळीत काळी दारू ओतून, त्यावर चिंधीचा बोळा गजाने ठासून, शेवटी ठिणगी पाडणारी टोपी बसवताना मी त्यांना लहानपणी पाहिले आहे. चुलते म्हणतात की छर्रे न भरता नुसता बार काढावा. शेजारी म्हणतात की एक काळवीट पाडले की कळप पुन्हा येत नाही. शेजाऱ्यांचे म्हणणे मला मुळीच पटत नाही, परंतु नुसता बार काढलेला चालेल का?

कायदा_सोलापूर:
आधी बंदुकीचे पाहा, कारण आपली खरी अडचण तिथे आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ मध्ये खऱ्याखुऱ्या पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद आहे, मात्र तो परवाना व्यक्तीच्या नावाचा असतो आणि वारसाकडे आपोआप येत नाही. परवानाधारकाच्या निधनानंतर शस्त्र पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून वारसाने स्वतंत्र अर्ज करावा लागतो. दीड वर्ष ती घरात राहिली आहे, त्यामुळे आता एक दिवसही थांबू नका. त्या बंदुकीने बार काढण्याचा प्रश्नच उरत नाही.

काळवीट वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. या अनुसूचीतील प्राणी माणसाच्या जिवाला धोकादायक झाला, किंवा बरा न होण्याइतका जखमी वा आजारी असला, तरच मुख्य वन्यजीव रक्षक त्याच्या शिकारीची परवानगी देऊ शकतात. पिकाचे नुकसान हे त्यासाठी कारण धरले जात नाही. रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) यांच्याबाबत ऐकलेली परवानगी अनेकजण काळविटालाही लावतात, आणि तिथेच फसतात. पहिल्या अनुसूचीतील प्राणी मारल्यास किमान तीन आणि कमाल सात वर्षांचा कारावास आहे. शेजाऱ्यांना हे आपण स्वतः समजावून सांगावे, ही कळकळीची विनंती.

गज_आणि_टोपी:
वरील उत्तराला एक जोड देतो. ठासणीच्या बंदुकीत जुना भरणा तसाच राहिलेला असू शकतो, आणि कोरडी राहिलेली काळी दारू कित्येक वर्षांनीही पेट घेते. त्यामुळे नळीत डोकावू नका, घोडा ओढून पाहू नका आणि घरात दारूचा डबा असल्यास तो उघडू नका. ठाण्यात आधी कळवून, बंदूक भरलेली असण्याची शक्यता आहे हे स्पष्ट सांगा आणि ती कशी आणायची हे त्यांनाच विचारा.

मोहोळची_काळी_माती:
आपल्या अकरा रात्री रिकाम्या का गेल्या, हे आपल्याच लिहिण्यात आले आहे. काळवीट मुख्यतः दिवसा चरणारे जनावर आहे, म्हणून उजाडतानाचे दोन तास आणि दिवस कलल्यानंतरची वेळ राखली पाहिजे. रात्री झोपा, पहाटे उठा आणि चहा शेतातच मागवा. बांधावर एकाच जागी लेंड्यांचा ढीग साचलेला दिसला, तर तो नराच्या हद्दीची खूण समजा आणि राखणीला त्याच बाजूला बसा. हाकारा आणि डबा वाजवणे पुरते. गोफण चालवायची तर जनावरावर नेम धरू नका.

हरभरा फुलोऱ्याच्या आधी खुडला गेला असेल, तर फार घाबरू नका. आपण स्वतःही शेंडे खुडतोच, आणि त्यामुळे फांद्या वाढतात. फुले धरल्यानंतरचे नुकसान मात्र भरून येत नाही. पुढच्या वर्षी शेताच्या कडेने करडईच्या चार-पाच ओळी घाला. आमचे वडील ज्वारीभोवती गुरांसाठी असेच करत असत. झाड मोठे झाले की काटे असे बोचतात की अनवाणी माणूससुद्धा आत शिरत नाही. काळवीट पूर्ण थांबेल असे मी म्हणणार नाही, पण आमच्याकडे कळपाची वाट बदलली.

पंचनामा_अनुभवी:
नुकसान दिसल्यापासून तीन दिवसांच्या आत वन कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. भरपाईच्या यादीत हरिण आहे. मी एकदा चौथ्या दिवशी गेलो आणि अर्ज परत आला. खुडलेल्या शेंड्यांचे आणि ओल्या मातीतील खुरांचे फोटो त्याच सकाळी काढा, कारण दुपारपर्यंत माती फुटते आणि ठसा ओळखू येत नाही. सातबारावर हरभऱ्याची नोंद झालेली आहे ना, हेही पाहून घ्या.

माळकरी_शेतकरी:
सर्वांचे मनापासून आभार. बंदूक काल ठाण्यात जमा केली. ती खरोखरच भरलेली निघाली, आणि हे ऐकून आई बराच वेळ काही बोलली नाही. आज पहाटे साडेपाचला शेतात गेलो. हरभऱ्याच्या आंबीने (पानांवरच्या आंबट ओलाव्याने) आणि दवाने पायजमा गुडघ्यापर्यंत भिजला. सातच्या सुमारास चौदा माद्या आणि एक काळा नर बांधापर्यंत आले, माझी हाक ऐकून थांबले आणि माळाकडे वळले. पीकपाहणीत हरभऱ्याची नोंद नव्हती, त्यासाठी उद्या तलाठ्यांकडे जात आहे.