मदत हवी आहे: फ्लाइट केसचं हँडल प्लायसकट उपटलं, कोणते रिवेट घालू?

साउंडबाबा:
नमस्कार मंडळी. डिचोलीत साउंडचं काम करतो, जास्त करून जत्रेतली नाटकं. सोळा चॅनलचा मिक्सर एका जुन्या, सेकंडहँड फ्लाइट केसमध्ये, म्हणजे सामान न्यायच्या प्लायच्या मजबूत पेटीत असतो. यंदाच्या शेवटच्या नाटकानंतर पहाटे चारला टेम्पोत चढवताना डाव्या बाजूचं हँडल हातातच आलं. हँडल शाबूत, रिवेटही शाबूत, प्लायला मात्र चार भगदाडं. पेटी पायावर आली ते वेगळंच.

चूक माझीच. गेल्या वर्षी हँडल सैल झालं तेव्हा एक सुती (3.2 मिमी) अ‍ॅल्युमिनियमचे पॉप रिवेट आणून मारले होते, गनने खिळा ओढला की आतलं टोक फुगून गाठ बसते ते. आतून वायसर घातले नव्हते.

प्लाय 9 मिमी, हँडलचा पत्रा 1.2 मिमी. दुसऱ्या बाजूचे मूळ रिवेट आतून बघितले, तर त्यांचे दोन पाय फाकवून लाकडात वळवलेत. तसलेच शोधू, की पॉप रिवेट चालतील? मापाचं आणि धातूचंही सांगा. दोन कोपरेही हलतायत. पावसाळ्यात काम नाही, तेवढ्यात उरकायचंय.

दीडसुती:
ते दोन पायांचे रिवेट कारखान्यात मशीनवर बसवतात. घरी ऐरणीवर ठोकून बघितले आहेत, दहातले चार वाकडे. तो नाद सोडा. पॉपच घ्या, पण दीड सुती, म्हणजे 4.8 मिमी. भोक पाचच्या बिटाने.

तुमचा रिवेट तुटला नाही, लाकडातून ओढला गेला. एक सुतीची आतली फुगलेली गाठ जेमतेम पाच मिमीची. प्लायला ती लोण्यातल्या सुरीसारखी. म्हणून आतून, जिथे गाठ फुगते तिथे, वायसर हवाच. हँडलला तर सुटे वायसरही नकोत, दोन भोकांची एकच पट्टी घाला, भार पसरतो.

लांबीचा हिशेब सोपा: जेवढी जाडी धरायची तेवढी, वर रिवेटच्या जाडीची दीडपट. तुमचं 9 आणि 1.2, वर पट्टीचा 1, झाले 11.2. त्यात 7.2 मिळवा, म्हणजे 18 चा घ्या. पाकिटावर किती जाडी धरतो ते लिहिलेलं असतं, ते बघूनच पैसे द्या. आखूड पडला तर गाठ अर्धवट फुगते, फार लांब घेतला तर गाठ सैल बसते.

कोपऱ्यांना अँगल (पेटीच्या कडेची काटकोनी पट्टी) आणि कोपऱ्याचा पत्रा धरून जाडी पुन्हा मोजा, तिथे 18 पुरणार नाही.

आडवाट:
धातूबद्दल. हँडल लोखंडी असेल तर रिवेटही लोखंडी, जस्ताचा मुलामा असलेले. खारी हवा आणि दमट लोखंडी पत्रा, त्यात इवलासा अ‍ॅल्युमिनियमचा रिवेट बसवला की गंज आधी त्यालाच खातो. अ‍ॅल्युमिनियमच्या अँगलला अ‍ॅल्युमिनियमचे चालतात, फक्त आत अडकलेला खिळा लोखंडी असतो, त्याचे तांबडे ओघळ येतात. दिसायला वाईट, बाकी काही नाही. स्टेनलेसच्या वाटेला साध्या गनने जाऊ नका, मनगट जातं. 4.8 च्या लोखंडीलाही दोन हातांची लांब दांड्याची गन हवी, पक्कडीसारखी नको.

आणि भगदाडांचं काय? त्यांच्यावर रिवेट ठोकू नका. आतून 6 मिमी प्लायचा तुकडा फेविकॉलने चिकटवा, रात्रभर क्लॅम्प ठेवा, मग भोक पाडा. भोकाच्या कडेला वॉर्निश फिरवा, नाहीतर प्लाय तिथूनच पाणी पितो.

दीडसुती:
तुकडा लावलात तर जाडी 17.2 होईल, 18 चा हिशेब रद्द. 24 च्या आसपास जा. मी तर म्हणेन तिथे रिवेटच नको, M5 चे, म्हणजे 5 मिमीचे बोल्ट आणि नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असतं, सहसा सैल होत नाहीत). हँडल पुन्हा सैल झालं तर पान्याने आवळता येतं. नट आतल्या फोमला रुततील, तेवढा फोम कापा.

साउंडबाबा:
म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला गेलो होतो, येताना बोल्ट आणि पट्टी घेऊन आलो. हँडलला बोल्ट लावले, मिक्सर आत ठेवून दोघांनी पेटी अंगणात तीनदा उचलली, हलली नाही. कोपऱ्यांना 4.8 चेच, वायसरसकट. मूळ रिवेट काढताना एक बिट मोडला. जुन्या रिवेटचं डोकं बिटाबरोबर गरगर फिरत होतं, शेवटी आतले पाय स्क्रूड्रायव्हरने सरळ करून मागून ठोकला तेव्हा निघाला. ते आधी सुचलं असतं तर बिट वाचला असता.