मागच्या चाकाचं बेअरिंग घरी बदलायचंय, काय तपासू आणि काय आणू? (सोलापूर)

जुळे_सोलापूर
१२५ सीसी गाडी, मागे ड्रम ब्रेक, ४२ हजार किमी झालेत. चाळीसच्या पुढे गेलं की मागून घूंऽऽ आवाज येतो. क्लच दाबून गाडी नुसती पळू दिली तरी येतोच, म्हणजे इंजिनाचा नाही. रोजचा रस्ता धुळीचा, पावसात काळ्या मातीचा चिखल. बेअरिंगच गेलंय हे नक्की कसं ठरवू? पुलर (बेअरिंग ओढून काढायचं अवजार) नाही, तरी घरी जमेल का? बेअरिंग कुठलं घेऊ?

चेन_स्प्रॉकेट
आधी चेन उतरवा. चेन लावलेली असताना चाक फिरवून बघितलं की चेनचा आवाज बेअरिंगच्या नावावर जातो. गाडी डबल स्टँडवर घ्या, ब्रेक रॉडचा नट सैल करा म्हणजे लायनर (ब्रेकच्या आतल्या पट्ट्या) घासणार नाही, मग एका हाताने चाक जोरात फिरवा आणि दुसरा हात स्विंग आर्मवर (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावर) ठेवा. बेअरिंग गेलं असेल तर कानाला कळायच्या आधी हाताला बारीक करकर लागते.

मग चाक वरून आणि खालून धरून आडवं हलवा. खेळ चाक आणि स्विंग आर्मच्या मध्ये असेल तर बेअरिंग. स्विंग आर्म स्वतःच चासीपाशी हलत असेल तर त्याचे बुश गेलेत, चाक खोलून उपयोग नाही. टायरवर उंचवटे पडले असतील तर तोही असाच घुमतो, पण डांबरीवरून सिमेंटच्या रस्त्यावर आलं की त्याचा आवाज बदलतो. बेअरिंगचा बदलत नाही, फक्त वेगाबरोबर चढतो.

शेवटची खात्री चाक काढल्यावर. आतल्या रिंगमध्ये बोट घालून सावकाश फिरवा. खडा लागल्यासारखं अडकलं की विषय संपला. आणि मागे बेअरिंग दोन नसतात, बहुतेक गाड्यांना तीन असतात. तिसरं स्प्रॉकेटच्या (चेनच्या दातेरी चक्राच्या) कपलिंगमध्ये. चेनची ओढ सगळी त्याच्यावर, आणि नेमकं तेच बदलायचं राहतं.

हब_आणि_एक्सल
पुलरशिवाय जमतं. सामान: एक्सलच्या (चाकाच्या आसाच्या) नटाची गोटी (सॉकेट), २५ सेमी तरी लांब आणि चपट्या टोकाचा पंच, हातोडा, सर्क्लिप (बेअरिंग अडवणारी स्प्रिंगची कडी) काढायचा प्लायर, हबखाली (चाकाच्या मधल्या भागाखाली) द्यायला दोन लाकडी ठोकळे, रॉकेल, लिथियम ग्रीस. ऑइल सील नवेच आणा.

काढताना: सील उचकटा. सर्क्लिप असेल तर ती आधी काढा. ती तशीच ठेवून ठोकलं तर हबची खाच फुटते, मग हबच गेला. दोन बेअरिंगच्या मध्ये एक नळी असते, डिस्टन्स पीस. पंचाने ती जरा बाजूला सरकवा, म्हणजे पलीकडच्या बेअरिंगच्या आतल्या रिंगची कड दिसेल. त्या कडेवर ठोका, पण एकाच जागी नको. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे असं फिरत. तिरकं झालं की अडकतं आणि अॅल्युमिनियम ओरबाडतं. असं काढलेलं बेअरिंग परत वापरायचं नाही, कारण आतल्या रिंगवर मारलेला घाव गोळ्यांवाटे बाहेरच्या रिंगवर जातो आणि तिथे खळगे पडतात.

बसवताना याच कारणासाठी जोर फक्त बाहेरच्या रिंगवर. त्याच मापाची गोटी नसेल तर जुनं बेअरिंगच ठोकणी म्हणून वापरा, त्याची बाहेरची कड ग्राइंडरवर किंचित घासून, नाहीतर तेही आत अडकून बसेल.

नवीन बेअरिंग पिशवीत घट्ट बांधून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा. हबवर उकळतं पाणी ओता, लगेच कोरडा पुसा. अॅल्युमिनियम लोखंडापेक्षा जवळपास दुप्पट पसरतं. ३७ मिमीचा खड्डा ७० अंशांनी तापला की साधारण ०.०६ मिमी मोठा होतो. आकडा लहान वाटतो, पण बेअरिंगची पकडच तेवढ्यावर असते. गॅसची ज्योत लावू नका.

पहिलं बेअरिंग तळाला टेकेपर्यंत. टेकलं की हातोड्याचा आवाज ठप् वरून ठण् होतो. मग डिस्टन्स पीस. हा विसरायचा नाही. तो नसेल तर एक्सल आवळताना दोन्ही आतल्या रिंगा एकमेकींकडे ओढल्या जातात आणि नवीन बेअरिंग बघता बघता भाजतात. दुसरं बेअरिंग फक्त नळीला टेकेपर्यंत घ्या, पुढे दामटू नका. नळी बोटाने जेमतेम सरकावी, मग एक्सल घालून फिरवा.

वर्निअर
नंबर जुन्या बेअरिंगवरच वाचा, दुसऱ्याच्या गाडीवरून अंदाज नको. शेवटचे दोन अंक म्हणजे आतलं भोक: ०० म्हणजे १०, ०१ म्हणजे १२, ०२ म्हणजे १५, ०३ म्हणजे १७ मिमी. ०४ पासून पुढे अंकाला ५ ने गुणा. ६३०१ म्हणजे १२ × ३७ × १२. ६२०२ म्हणजे १५ × ३५ × ११. नंबर पुसला असेल तर तिन्ही मापं घेऊन जा.

नंबरापुढे २आरएस असलेलं घ्या, दोन्ही बाजूंना रबरी सील. झेडझेड म्हणजे पत्र्याची झाकणं. ती धूळ थोडीफार अडवतात, पाणी नाही.

एसकेएफ, एनबीसी, एफएजी, काहीही चालेल, पण अस्सल हवं. नकली माल फार आहे. यंत्रमागांना बेअरिंग पुरवणाऱ्या दुकानात विचारा, तिथे नंबर सांगितला की पुरतं. बिल घ्या. रिंगवरची अक्षरं पुसट किंवा वाकडी दिसली तर परत करा.

धुरळा_१३
मालक, झेडझेड इतकं वाईट नाही की ओ. बाहेर ऑइल सील असतोच. आणि सीलबंद बेअरिंगमध्येही जास्तीचं ग्रीस भरून घेतलेलं बरं.

वर्निअर
ऑइल सील नवा असेपर्यंत ठीक. त्याची ओठी कडक झाली की पाणी थेट झाकणावर येतं, आणि वॉशिंगचा प्रेशर पाइप हबवर धरला तर कुठलंच सील टिकत नाही. ग्रीस कारखान्यातून मोजून भरलेलं असतं. गच्च भरलं तर घुसळून तापतं आणि सील बाहेर ढकलतं. ग्रीस लावायचं ते ऑइल सीलच्या ओठीला आणि एक्सलला, पातळ थर.

जुळे_सोलापूर
खोललं. कपलिंगचं बेअरिंग खडबडीत लागतंय, उजवीकडचंही. डावीकडचं मात्र हबमधून हातानेच निघून आलं, बाहेरची रिंग बाहेरून चकाकतेय. आता?

हब_आणि_एक्सल
रिंग हबमध्ये फिरत होती, म्हणून चकाकी. नुसतं नवीन बेअरिंग घालून भागणार नाही. पंचाने हबला टोचे मारून घट्ट करून देतील, ते करू नका. बेअरिंग त्या चार टोकांवरच टेकतं आणि थोड्या दिवसांत परत सैल होतं.

खड्डा चार ठिकाणी आडवा-उभा मोजा. गोल असेल आणि फट ०.१ मिमीच्या आत असेल तर ग्रीस पूर्ण पुसून लॉकटाइट ६४१ सारखं रिटेनिंग कंपाउंड (फट भरून रिंग धरून ठेवणारा चिकट द्रव) लावून बसवा, एक दिवस तसंच राहू द्या. अंडाकृती झाला असेल तर चांगल्या लेथवाल्याकडून बोअर करून बुश बसवून घ्या, नाहीतर हब बदला. डिस्टन्स पीसची टोकंही बघा, झिजून तिरकी झाली असतील तर तोही नवा. बेअरिंग तिन्ही बदला.

चेन_स्प्रॉकेट
कपलिंगचे रबर पण बघून घ्या, हातात चाक आहेच. जोडताना एक्सलचा नट आवळायच्या आधी चाक फिरवून ब्रेक दाबा आणि दाबूनच ठेवा, मग आवळा, म्हणजे लायनर ड्रममध्ये मधोमध बसतात. चेनचा ढिलेपणा मॅन्युअलप्रमाणे, बहुतेक अशा गाड्यांना २० ते ३० मिमी. चेन लॉकच्या क्लिपचं बंद टोक चेन ज्या दिशेने पळते तिकडे. ५० किमी चालवून हबला हात लावून बघा, कोमट ठीक, चटका बसला तर दुसरं बेअरिंग जास्त ठोकलं गेलं असेल, नाहीतर ब्रेक घासत असेल.