टिनच्या नऊ अणूंच्या अ‍ॅनायनला ८ वजा एन का चालत नाही?

रामबागची_एमएस्सी:
मेन ग्रुपच्या पॉलिअ‍ॅटॉमिक अ‍ॅनायनवर (अनेक अणूंचे मिळून ऋण चार्ज असलेले आयन) सेमिनार द्यायचाय आणि एका जागी गाडी अडकलीये. पोटॅशियम-टिन एकास एक घेतलं की चार टिनचा टेट्राहेड्रॉन, चार्ज उणे ४. हे कळतं, प्रत्येक टिनला एकेक इलेक्ट्रॉन मिळाला, व्हॅलन्सचे पाच झाले, ८ वजा एन (एन म्हणजे अणूचे व्हॅलन्स इलेक्ट्रॉन), म्हणजे ८ वजा ५, तीन बाँड, अगदी पांढऱ्या फॉस्फरससारखं. पण त्याच दोन धातूंचं चारास नऊ घेतलं तर नऊ टिनमध्ये मिळून उणे ४, आणि बाँड काढायला बसलं की अणूमागे साडेतीनच्या वर काहीतरी येतं. अर्धा बाँड काढू कुठे? आणि हे सगळे पाणी सोडून लिक्विड अमोनिया नाहीतर एथिलीनडायअमीनच का वापरतात?

जुनी_लॅब_इंदूर:
अगं, ८ वजा एन तेव्हाच चालतं जेव्हा प्रत्येक कडेला एक जोडी पुरते. टेट्राहेड्रॉनच्या कडा सहा. एकूण २० इलेक्ट्रॉनमधून चार लोन पेअरचे (बाँडमध्ये न गेलेल्या जोड्यांचे) ८ काढ, उरले १२, म्हणजे सहा जोड्या, हिशोब बरोबर. आता नऊवाला बघ, स्क्वेअर अँटिप्रिझम (एकावर एक, पिळून ठेवलेले दोन चौकोन) आणि त्याच्या एका चौकोनावर एका अणूची टोपी. कडा मोज, वीस भरतील. इलेक्ट्रॉन ३६ अधिक ४ म्हणजे ४०, लोन पेअरचे १८ गेले, उरले २२, म्हणजे ११ जोड्या. वीस कडांना अकरा जोड्या कशा पुरणार, त्या अख्ख्या पिंजऱ्यात वाटलेल्या असतात. इथे वेडचे नियम (जोड्या मोजून पिंजऱ्याचा आकार सांगणारे) लाव: जोड्या एन अधिक २, इथे एन म्हणजे अणूंची संख्या, म्हणून निडो, म्हणजे एक कोपरा रिकामा असलेला पिंजरा. पाच टिन, उणे २ असेल तर सहा जोड्या, एन अधिक १, म्हणून क्लोझो (पूर्ण बंद पिंजरा), ट्रायगोनल बायपिरॅमिड.
पाण्याचं म्हणशील तर हे अ‍ॅनायन भयंकर रिड्यूसिंग (दुसऱ्याला इलेक्ट्रॉन देऊन टाकणारे) असतात, पाण्यातून हायड्रोजन सुटेल आणि पिंजरा खलास. घन स्वरूपातसुद्धा ग्लोव्हबॉक्समध्येच (हवा-ओलावा आत न येणाऱ्या पेटीत) ठेवतात.

सराफ्यातला_गराडू:
सेमिनारमध्ये थोडी हिस्ट्री टाक, बाहेरचे सर खूश होतात. जोआनिसने १८९१ मध्ये लिक्विड अमोनियात सोडियम आणि लेड घातलं तर हिरवं सोल्युशन मिळालं (आपलं होळकर कॉलेजही १८९१ चंच, उगाच सांगतोय). पुढे १९३० च्या आसपास झिंटलने अमोनियातच टायट्रेशन करून पोटेन्शियलच्या उड्यांवरून ठरवलं की नऊ लेडमागे चार्ज उणे ४ आहे. पण अमोनिया उडवला की चांगले क्रिस्टल हाती येईनात, कारण इलेक्ट्रॉन परत सोडियमकडे जायचा आणि अ‍ॅलॉय उरायचा. मग सत्तरच्या दशकात कॉर्बेटने क्रिप्टँड (धातूचा आयन आत धरून ठेवणारा पिंजऱ्यासारखा रेणू) वापरून सोडियमलाच कोंडून टाकलं, त्याला इलेक्ट्रॉन परत घेताच येईना, तेव्हा कुठे नीट क्रिस्टल आले. माझ्या मते या विषयातली सगळ्यात भारी आयडिया हीच, पण पुस्तकात एका ओळीत उरकतात.

नेटच्या_तयारीत:
वरचं सगळं बरोबर, पण पोटॅशियमने इलेक्ट्रॉन पूर्ण देऊन टाकला असं लिहू नकोस, व्हायव्हात धरतील. तो हिशोबापुरता धरायचा. सोडियम-थॅलियममध्ये थॅलियमला एक इलेक्ट्रॉन मिळून चार झाले म्हणून तो डायमंडसारखी जाळी करतो हे ठीक, पण पदार्थ अजून धातूसारखा चमकतोच. आणि सोल्युशनमध्ये नऊ टिनच्या पिंजऱ्याचा टिन एनएमआर (वेगवेगळ्या जागांवरच्या अणूंचे वेगळे सिग्नल दाखवणारी चाचणी) घेतला तर सिग्नल एकच मिळतो. आकाराप्रमाणे टिन तीन प्रकारचे हवेत, टोपीचा एक आणि दोन चौकोनांचे चार-चार. म्हणजे अणू सतत जागा बदलत असतात, क्रिस्टलमधला आकार सोल्युशनमध्ये गोठलेला नसतो.

रामबागची_एमएस्सी:
थँक्यू सगळ्यांना!! मग सात फॉस्फरस, उणे ३ ला वेड लावायचा नाही ना? ३५ अधिक ३ म्हणजे ३८, तीन अणूंना दोनच बाँड म्हणून त्यांच्यावर दोन-दोन लोन पेअर, बाकी चारांवर एकेक, म्हणजे २० गेले, १८ उरले, नऊ बाँड, आणि चित्रातही कडा नऊच आहेत.

जुनी_लॅब_इंदूर:
बरोबर, तिथे वेडची गरजच नाही. सेमिनारमध्ये हे आधी घे आणि टिनचा पिंजरा त्यानंतर.