घरच्या घरी गाणं शिकताना गळा सुरक्षित राहतो का? माझं मत: राहतो

मंद्रसप्तक (धागाकर्ती)

गाणं शिकायचंय पण शिकवणारं कुणी मिळत नाही, असं म्हटलं की ठरलेलं उत्तर येतं: मग नादी लागू नका, गळा बसेल. मला हे उत्तर पटत नाही. कितीतरी माणसं केवळ या भीतीपोटी गाणं सुरूच करत नाहीत, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

गळा एकट्याने शिकल्याने बिघडत नाही. तो बिघडतो जोर लावल्याने, न झेपणाऱ्या पट्टीत गायल्याने आणि दमल्यावरही रेटत राहिल्याने. या तिन्ही गोष्टी शिक्षकासमोर बसूनही होतात, किंबहुना समोर कुणी बसलं असेल तर थांबायला संकोच वाटतो.

आत काय घडतं ते बघा. पुरुषांचे स्वरतंतू (घशातल्या, कंप पावून आवाज काढणाऱ्या दोन मऊ घड्या) साधारण 17 ते 25 मिलिमीटर लांब असतात, बायकांचे त्याहून आखूड. 440 हर्ट्झचा सूर लावला की ते सेकंदाला 440 वेळा एकमेकांवर येऊन मिटतात. म्हणजे मिनिटभर तो सूर धरला तर 26,400 वेळा. आवाज जितका मोठा, तितकी ही धडक जोराची. त्यामुळे नव्याने शिकणाऱ्याने मधल्या सप्तकात, बेताच्या आवाजात, थोडा थोडा वेळ गायलं तर इजा होण्याची शक्यता फार कमी उरते. हे समजायला आणि पाळायला गुरू लागत नाही.

आता व्यायाम. ओठ फुरफुरवत सूर काढणं, तोंड मिटून गुणगुणणं, स्ट्रॉमधून सूर काढणं, या सगळ्यांत एकच तत्त्व आहे. पुढे वाट अरुंद केली की थोडा दाब मागे, स्वरतंतूंच्या वर साठतो आणि तंतू कमी आघातात कंप पावतात. आवाजशास्त्रज्ञ इंगो टिट्झ यांनी यावर भरपूर काम केलंय.

माझा आवडता प्रकार पाण्याचा. ग्लासात पाणी घ्या, स्ट्रॉचं टोक दोन-तीन सेंटिमीटर बुडवा आणि 'ऊ' म्हणत खालून वर सरकत जा. बुडबुडे एकसारखे येत राहिले पाहिजेत. सूर चढताना मध्येच ते थांबले तर तुम्ही गळा आवळलाय. अचानक भसाभस आले तर हवा नुसतीच निसटतेय. कुठल्या सुरावर हे होतं ते लक्षात ठेवायचं आणि त्या दिवशी त्याच्या एक-दोन सूर खालीच काम करायचं. चूक डोळ्यांना दिसते, तीही त्याच क्षणी.

आणि एक इतिहास. 1854 साली मॅन्युएल गार्सिया या गायनशिक्षकाने दातांच्या डॉक्टरांचा छोटा आरसा घशात धरून, सूर्यप्रकाशात स्वतःचेच स्वरतंतू हलताना पाहिले. पुढच्या वर्षी त्याचं हे निरीक्षण लंडनच्या रॉयल सोसायटीसमोर मांडलं गेलं. गाणाऱ्या माणसाने स्वतःच्या गळ्याकडे स्वतः बघण्याची परंपरा इतकी जुनी आहे.

कोमल_निषाद

असहमत, आणि मी स्वतः शिकवतो म्हणून नाही.

गार्सियाचं उदाहरण तुमच्याच विरोधात जातं. आरसा धरला तेव्हा तो पन्नाशीला टेकला होता. बाप नावाजलेला टेनर (उंच पुरुषी आवाजाचा) गायक, आणि पोराला त्यानेच शिकवलेलं. स्वतः गार्सियाने त्याआधी कित्येक वर्षं शिष्य तयार केले होते. काय बघायचं हे ठाऊक असलेल्या माणसाने आरसा धरला, म्हणून त्याला काहीतरी दिसलं.

"जोर लावू नका" हे तुम्ही लिहिलंत, बरोबरच आहे. पण जोर लागतोय हे गाणाऱ्याला कळत नाही, सगळा प्रश्न तिथेच आहे. आपला आवाज आपल्याला हवेतून तसा हाडांतूनही ऐकू येतो, म्हणून तो आतून जास्त भरदार वाटतो. माझ्याकडे येणारे बहुतेक जण आवळलेल्या आवाजालाच 'दमदार' समजत असतात. जिभेचं मूळ मागे दाबून आवाज गडद करायची सवय तर सर्रास. समोर बसलेल्याला ती पहिल्या चार ओळींत ऐकू येते. गाणाऱ्याला ती चांगली वाटते, म्हणून तो ती रोज घोटतो.

आणखी एक गोष्ट तुमच्या लेखात आलीच नाही. घरी माणूस मोकळा गात नाही. शेजारी ऐकतील, घरचे हसतील, म्हणून आवाज दाबून धरतो. बेताच्या आवाजात गाणं वेगळं आणि दाबून गाणं वेगळं. दाबताना गळ्याचे स्नायू आवळलेलेच राहतात, भले बाहेर आवाज छोटा येत असेल.

मंद्रसप्तक

दाबून गाण्याचा मुद्दा मान्य, तो महत्त्वाचा आहे. पण त्यावर उपायही घरातच आहे: स्ट्रॉमधून निघणारा आवाज मुळातच बारीक असतो, शेजाऱ्यांची धास्ती राहत नाही.

जिभेच्या मुळाचं म्हणाल तर हनुवटीखालच्या मऊ भागावर अंगठा ठेवून गा. सूर चढताना तिथलं मांस टणक होऊन अंगठ्याला खाली ढकलू लागलं की जीभ दाबतेय. जबडा आरशात दिसतो. आणि आतून आवाज वेगळा वाटतो म्हणून तर फोनवर रेकॉर्ड करायचं.

शिक्षकांच्या शब्दांबद्दलही बोलूया. "पोटातून गा" हे किती जणांनी ऐकलंय? पोटात आवाज तयार होत नाही. श्वासपटल (छाती आणि पोट यांमधला पडदा) हा मुख्यतः श्वास आत घेण्याचा स्नायू, आणि त्याची हालचाल आपल्याला थेट जाणवतसुद्धा नाही. बाहेर जाणाऱ्या हवेवर ताबा ठेवायला बरगड्यांमधले आणि पोटाचे स्नायू लागतात. ही फोड न करता नुसतं "पोटातून" सांगितलं की विद्यार्थी पोट कडक करून बसतो, आणि पाठोपाठ गळाही आवळतो.

कोमल_निषाद

वाईट शिक्षक असतात, त्यावर वाद नाही. म्हणून शिक्षकच नको, हे कसं?

फोनबद्दल एक सांगतो. बहुतेक फोनचं रेकॉर्डिंग हळू आवाज आपोआप वाढवतं आणि मोठा आवाज खाली आणतं. म्हणजे तुम्ही ओरडलात तरी ऐकताना ते सपाट, सुरेख वाटतं. सुराचं अ‍ॅप म्हणाल तर ते सूर किती सेंट (लगतच्या दोन सुरांमधल्या अंतराचा शंभरावा भाग) वर-खाली आहे एवढंच दाखवतं. गळा आवळूनही सूर अचूक लागू शकतो. हिरवी रेघ सरळ आली म्हणून खूश होणारे आणि गायल्यावर घसा धरणारे विद्यार्थी मी पाहिलेत.

तिसरी_घंटा

फोनबद्दल थोडी भर. रेकॉर्डिंगच्या सेटिंगमध्ये गोंगाट कमी करण्याचा आणि आवाज आपोआप जुळवण्याचा पर्याय असेल तर बंद करा. फोन दर वेळी त्याच जागी, हाताच्या अंतरावर ठेवा. मग आजचं आणि गेल्या महिन्यातलं रेकॉर्डिंग शेजारी ठेवून ऐकण्यात काही अर्थ राहतो.

दुसरं म्हणजे कानांत मोठ्याने साथसंगत लावून गाऊ नका. कानावर गोंगाट आला की माणूस नकळत आवाज चढवतो. फ्रेंच डॉक्टर एतियेन लोम्बार्द यांनी हे 1911 साली मांडलं होतं, त्यांच्याच नावाने ते ओळखलं जातं. एक कान मोकळा ठेवा, साथ हळू ठेवा.

स्वरचिकित्सक

मी आवाजाच्या तक्रारींवर उपचार करते. माझ्याकडे एकट्याने शिकणारे येतात तसे वर्षानुवर्षं क्लासला जाणारेही येतात. स्वरतंतूंवरच्या गाठींना यूट्यूब आणि क्लास यांतला फरक कळत नाही. त्यामुळे दोघांनाही अर्धं-अर्धं खोडून काढते.

मंद्रसप्तक, बुडबुड्यांची परीक्षा चांगली आहे, पण ती त्या क्षणाचा ताण दाखवते. सूज दाखवत नाही. सूज आलेली असताना मोठा, मधल्या पट्टीतला आवाज बराच काळ ठीक वाटत राहतो, कारण जोर लावून माणूस ती झाकतो. ती उघडी पडते उंच आणि अगदी हळू आवाजात. रॉबर्ट बास्टियन आणि सहकाऱ्यांनी 1990 मध्ये यासाठी सोप्या चाचण्या सुचवल्या. पाठ असलेल्या साध्या गाण्याची पहिली ओळ उंच पट्टीत, झोपलेलं मूल जागं होणार नाही इतक्या हळू म्हणायची. सूर उशिरा लागला, आधी नुसती हवाच आली, किंवा काल जमलेला उंच सूर आज हळू आवाजात फुटेनासा झाला, तर त्या दिवशी गाणं बंद. हे रोज सकाळी करा. शिक्षक असेल तरी करा, कारण शिक्षक तुमच्याबरोबर घरी येत नाही.

कोमल_निषाद, तुम्हाला ताण ऐकू येतो हे मान्य, पण कानाने गाठ ओळखता येत नाही, तुम्हालाही नाही आणि मलाही नाही. आवाजाचा घोगरेपणा चार आठवड्यांत गेला नाही तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून स्वरयंत्र तपासून घ्यायलाच हवं. श्वासाला त्रास, गिळायला त्रास किंवा मानेत गाठ असेल तर तेवढंही थांबायचं नाही. "शिक्षकांनी सांगितलं, रियाजाने सुटेल" म्हणून महिनोन्‌महिने अंगावर काढलेले लोक आमच्याकडे येतात तेव्हा फार वाईट वाटतं.

दुखणं हा भरवशाचा इशारा नाही. इजा होताना दुखेलच असं नसतं. सारखं खाकरत राहणंही तंतूंवर आघातच करतं, त्याऐवजी घोट घोट पाणी प्या. हे पाणी तंतूंवरून जात नाही, ते अन्ननलिकेत जातं आणि शरीरातून फिरून उपयोगी पडतं, त्यामुळे गायच्या आधी पाच मिनिटं घटाघट पिऊन काही साधत नाही. आणि घसा बसलाय म्हणून अ‍ॅस्पिरिन घेऊन रेटून गाणं तर मुळीच नको, स्वरतंतूत रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो.

खालची_पट्टी

मूळ गायकाच्या पट्टीतच गायचा हट्ट आधी सोडा, मग गुरू की यूट्यूब ते ठरवा. अ‍ॅपवर पट्टी दोन-तीन सूर खाली आणता येते. ज्यांना मी घरी गाताना ऐकते, त्यांच्यातल्या निम्म्या ओढाताणीचं कारण हेच.

माझ्या मुलाचा आवाज फुटतोय. त्याने घरी सराव करावा का?

स्वरचिकित्सक

करू दे, पण जिथे सहज लागतं तेवढ्याच सुरांत. स्वरयंत्र झपाट्याने वाढत असतं, त्यामुळे गेल्या महिन्यातले सूर या महिन्यात हाती लागतीलच असं नाही. वरचे सूर ओढून आणायला लावू नका.

कोमल_निषाद

सूज तपासायची चाचणी मी उद्यापासून माझ्या विद्यार्थ्यांना सांगणार, आभार.

मूळ मुद्द्यावर मात्र माझं मत तेच. मधल्या सप्तकापर्यंत एकट्याने जाता येईल. वरच्या सुरांवर तोंडातल्या स्वराचा, म्हणजे 'आ', 'ऊ' अशा उच्चाराचा, आकार बदलावा लागतो. खाली उघडा 'आ' चालतो, वर तोच तसाच ताणला तर किंचाळी होते. तो नेमका कुठे आणि किती बदलायचा हे प्रत्येक गळ्यात वेगळं असतं. तिथे ऐकणारं दुसरं माणूस हवंच. दर आठवड्याला नको, महिन्यातून एकदा चालेल.

मंद्रसप्तक

महिन्यातून एकदा ऐकून घ्यायला माझी हरकत नाही. माझी हरकत आहे ती 'आधी गुरू शोधा, तोवर गप्प बसा' या सल्ल्याला. ज्याला गुरू मिळणारच नाही त्याने मधल्या सप्तकात आयुष्यभर आनंदाने गावं, त्यात कमीपणा कसला? वरचे सूर लागत नाहीत म्हणून कुणी गाणं सोडलं तर ते नुकसान मला गळा बसण्याइतकंच मोठं वाटतं.

तिसरी_घंटा

स्ट्रॉ बारीक घ्यायची की जाड? बारीक घेतली तर मला गरगरतं.

स्वरचिकित्सक

जाड स्ट्रॉने सुरू करा. बारीकमध्ये अडथळा जास्त, आणि सवय नसेल तर माणूस जोराने फुंकायला लागतो. गाल सैल ठेवा, हवा नाकातून निसटत नाही ना हे नाक चिमटीत धरून बघा. एका वेळी मिनिट-दोन मिनिटं पुरे, मग थांबून साधा श्वास घ्या. गरगरलं तर तिथेच बंद करा.