मदत हवी आहे: ५० एमएम लेन्सचा फोकस डोळ्यांऐवजी नाकावर

क्रॉप सेन्सरची (फुल फ्रेमपेक्षा १.६ पट लहान सेन्सरची) डीएसएलआर, लेन्स ५० एमएम एफ/१.८ (एफचा आकडा लहान, तितकं छिद्र मोठं आणि शार्प पट्टा अरुंद). ठाण्यात मासुंदा तलावाच्या कट्ट्यावर, दिवे लागायच्या वेळेचे पोर्ट्रेट. शटर १/१६०, ऑटो आयएसओ कमाल ३२००, एकच फोकस पॉइंट, तोही थेट डोळ्यावर. तरी नाकाचा शेंडा लख्ख आणि पापण्या मऊ.

दीड मीटरवरून एफ/१.८ ला जेमतेम ६ सेंमीचा पट्टा शार्प मिळतो, हे मान्य. म्हणून फोकस लॉक करून फ्रेम हलवणं आधीच बंद केलंय. मग ट्रायपॉड, २ सेकंदांचा टायमर आणि ४५ अंशात तिरकी फूटपट्टी लावून, १५ च्या आकड्यावर फोकस धरून तपासलं. लाइव्ह व्ह्यूमध्ये (मागच्या स्क्रीनवर बघून) १५ चा आकडा बरोबर शार्प. व्ह्यूफाइंडरमधून मात्र दहापैकी आठ वेळा १३ चा, म्हणजे कॅमेऱ्याच्या बाजूचा. हा फ्रंट फोकसच, हात हलल्याचा प्रकार नाही. बॉडीत एएफ मायक्रो अ‍ॅडजस्टमेंटची (ऑटोफोकसची अशी चूक मेन्यूतूनच सुधारायची) सोय नाही.

कॅलिब्रेशनला (फोकस दुरुस्त करून जुळवून घ्यायला) बॉडी आणि लेन्स दोन्ही द्यावी लागतात, की नुसती लेन्स पुरते? ठाण्यात कोण करतं, साधारण किती घेतात? तोवर एफ/२.८ वर राहावं (पट्टा साडेनऊ सेंमीपर्यंत जातो), की लाइव्ह व्ह्यू? त्यात पळत्या पोरांवर फोकस बसेपर्यंत पोरं फ्रेमबाहेर.

‘एफ/४ कर’ एवढं सांगू नका, मग एवढ्या मोठ्या छिद्राची प्राइम (झूम नसलेली लेन्स) घेतली कशाला!